दुसरा भेटकरी

लिबेन गावात आजाऱ्याच्या घरी कुणी एकटं जात नसे. दोघं जात. एक आजाऱ्याचा मित्र, आणि दुसरा त्याच्याशी फारसं न पटणारा.

हा नियम मार्सेलाच्या पणजोबांच्या पिढीनं केलेला. बोहेमियातून आलेली ती माणसं. नेब्रास्काच्या माळावर मका पेरता पेरता त्यांनी आपलं एक मंडळ काढलं. दर महिन्याला सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि जो अंथरूण धरेल त्याला त्यातून द्यायचं. पण द्यायचं कुणाच्या शब्दावर? मित्र पाहायला गेला तर साध्या खोकल्याला क्षय म्हणेल, आणि न पटणारा गेला तर क्षयाला खोकला. म्हणून दोघं. दोघांचं एकमत झालं की ते खरं. गावात त्यांना भेटकरी म्हणत.

भेटकरी रविवारी चर्च सुटल्यावर येत, अंगात काळा कोट. पलंगाशेजारी दोन खुर्च्या मांडून ठेवलेल्या असत. मित्र गप्पा मारी. दुसऱ्याला बोलण्यासारखं काही नसे, मग तो बसल्या बसल्या घरभर नजर फिरवी आणि थोड्या वेळानं उठून दाराची कुरकुरणारी बिजागरी काढायला घेई. निघताना दोघांतला वयानं मोठा असेल तो विचारी, "घरात काय कमी आहे?" आणि घरच्यांनी खरं सांगायचं असे. मार्सेलाची आई शेवटची आजारी होती तेव्हा मार्सेला कॉलेजात होती. तेव्हा आलेला दुसरा भेटकरी आईच्या माहेरच्यांशी बांधावरून कोर्टात गेलेला माणूस होता. त्यानं त्या वर्षी त्यांच्या तळघरात शिरणारं पाणी कायमचं बंद केलं. आईशी मात्र तो चार वाक्यंही बोलला नाही.

कुणी जायचं ते मंडळाचा चिटणीस ठरवी. मार्सेलाचे वडील, एड्विन कुचेरा, कित्येक वर्षं चिटणीस होते. त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. नांगराचे फाळ, पाण्याच्या टाक्या, ट्रकचे आस, काय मोडेल ते तिथं येई आणि त्याबरोबर गावातली भांडणंही येत. कोण कुणाशी बोलत नाही हे त्यांना तोंडपाठ असे. "मित्र कुणालाही शोधता येतो," ते म्हणत. "दुसरा शोधायला अक्कल लागते. फार वैर असलेला नको, तो तोंडच फिरवेल. थोडं डोकं फिरलेला हवा."

मग आरोग्यविम्याचा नवा कायदा आला.

कायद्याविरुद्ध बाबा तावातावानं कधी बोलले नाहीत. ते चेष्टा करत. मोठ्या दुखण्यांसाठी मंडळानं सगळ्यांची मिळून एक स्वस्तातली पॉलिसी घेतलेली होती. लहानसहान दुखणी मंडळ बघे, डोंगराएवढं आलं तर पॉलिसी. ही पॉलिसी नव्या कायद्याच्या मापात बसत नाही, वर्षअखेर ती बंद होईल, असं कंपनीनं कळवलं. पसंत असलेली पॉलिसी कुणाला सोडावी लागणार नाही, असं वॉशिंग्टनहून हजारदा सांगून झालं होतं. बाबांनी त्या थापेवरही फारसं तोंड सोडलं नाही. नव्या पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च धरलेला आहे हे कळलं त्या दिवशी त्यांनी मार्सेलाला कॅन्सस सिटीला फोन केला. ती तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयात कामाला होती.

"बासष्टाव्या वर्षी माझी बाळंतपणाची सोय झाली बरं का," ते म्हणाले. "पाळणा कुठं ठेवलाय तुझा?"

ती हसली. मग तिनं विचारलं, मंडळाचं काय होणार? ते म्हणाले, सभेत ठरेल.

ऑक्टोबरात हॉलमध्ये सभा झाली. मार्सेला तेव्हा घरी आली होती, म्हणून मागच्या बाकावर बसून तिनं ती पाहिली. मंडळाच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं. पॉलिसी गेली की मंडळाचा निधी एकटा उरतो, आणि तसा तो चालवणं म्हणजे उद्या कुणीतरी बेकायदा विमा म्हणून बोट दाखवील. प्रत्येकानं तर आता सरकारमान्य विमा घ्यायचाच आहे, मग दोन्हीकडे कोण भरेल? बाबांनी उभं राहून सांगितलं ते आधी कुणाला राजकारण वाटलंच नाही. ते म्हणाले, माणसाला आपल्या सोयीचं घेऊ द्यावं. मला चाक हवं असताना अख्खी गाडी घ्यायची सक्ती केली, तर मी गाडीवाल्याचा नोकर होतो. आणि सगळ्यांना एकच गाडी घ्यायला लावली, की गाडी बनवणारा आपल्याकडे बघणं सोडून सरकारकडे बघायला लागतो. मग किंमत, माल, डॉक्टर, काहीच आपल्या हातात राहत नाही.

तेव्हा हार्लन येलिनेक उठला. उंच, वाकलेला, डुकरं पाळणारा. हार्लनचं आणि बाबांचं गेली आठदहा वर्षं बरं नव्हतं, आणि कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची बायको डोरीन. तिला आधीपासून मधुमेह, त्यातून मूत्रपिंडं गेलेली. आधीच आजारी असलेल्याला पॉलिसीत घेता येत नसे. मंडळानं निधीत घेण्याचा तिचा अर्ज मताला टाकला होता. पेटीत पांढरी नाहीतर काळी गोटी टाकायची, एक जरी काळी निघाली तरी अर्ज गेला. पेटीत काळ्या गोट्या निघाल्या होत्या. एक नव्हे, बऱ्याच.

"एड, तुझी गाडी छान आहे," हार्लन म्हणाला. "माझ्या बायकोला तीत जागा नव्हती, एवढंच."

बाबा खाली बसले. त्या दिवशी मंडळाचा आजारनिधी बंद करायचं ठरलं. पेटीत एकही काळी गोटी निघाली नाही. हिवाळ्यात त्याच हॉलमध्ये सरकारी मदतनीस कॉम्प्युटर मांडून नव्या विम्यासाठी लोकांची नावं नोंदवत बसले होते, आणि बाबा रांगेत उभे राहून नाव नोंदवून आले. नियम म्हणजे नियम, असं म्हणाले.

वसंतात त्यांचं पोट दुखायला लागलं. गेल्या तीस वर्षांपासूनचे त्यांचे डॉक्टर रीस शेजारच्या गावात होते, पण नव्या विम्याच्या यादीत रीस नव्हते. यादीत होते ते लिंकनच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर, दीड तासावर, दर वेळी नवा चेहरा. रीसनी तरी एक दिवस त्यांना फुकट तपासलं आणि जे सांगायचं ते सांगितलं: स्वादुपिंडाचा कर्करोग. आधी कळलं असतं तर? मार्सेलानं विचारलं होतं. रीसनी मान हलवली. याला आधी आणि नंतर असं फारसं नसतं, म्हणाले.

म्हणजे कायद्यानं बाबांना मारलं असं म्हणायची सोयही तिला उरली नाही. उलट विम्यानं सगळं दिलं. तपासण्या, औषधं, शेवटी घरी आणायचं ठरल्यावर वर-खाली होणारा पलंग, आठवड्यातून दोनदा येणारी नर्स. प्रत्येक गोष्ट वेळच्या वेळी आली. नर्स चांगली होती, हात हलका, बोलणं मोजकं. ती तिच्याजवळच्या यंत्रावर काहीतरी टिपून घेई आणि पुढच्या घरी जाई.

मार्सेलानं रजा काढली आणि ती घरी येऊन राहिली. जुलै निम्मा सरला होता, मका डोक्याच्या वर गेलेला. पहिल्या रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "खुर्च्या मांड."

तिनं स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या आणून पलंगाशेजारी ठेवल्या. चर्च सुटलं, घंटा ऐकू आली. दुपार झाली. कुणी आलं नाही.

लोक विसरले होते असं नाही. पडवीत सारखं काहीतरी येऊन पडे. खसखशीचे आणि जर्दाळूचे कोलाचे हे गोड पाव, हॅम, गोड-आंबट कोबीची भाजी, कुणाच्या बागेतल्या काकड्या. बेल वाजे. मार्सेला धावत दार उघडी, तोवर गाडी वळून रस्त्याला लागलेली असे. एकदा तिनं दाराआडच उभं राहायचं ठरवलं आणि बेल वाजताक्षणी दार उघडलं. समोर पोस्टातली बर्नडीन होती. ती चोरी पकडल्यासारखी लाल झाली. आत या ना, मार्सेला म्हणाली. बर्नडीन म्हणाली, "नको गं, तुमच्याकडे भेटकरी येऊन गेले असतील." आणि मग भेटकरी आता नाहीत हे तिचं तिलाच आठवलं, आणि ती पायऱ्या उतरून गेली.

तेव्हा मार्सेलाच्या ध्यानात आलं की हे काय झालंय. ही माणसं निष्ठुर नव्हती. शंभर वर्षं त्यांना आजाऱ्याच्या घरी जायचं ते पाळीनं, नेमणुकीनं जायचं ठाऊक होतं. न बोलावता जाणं म्हणजे आगाऊपणा, त्या घरात भेटकरी येणार असताना मध्ये नाक खुपसणं. आता भेटकरी नव्हते, पण नाक न खुपसायची सवय तशीच होती. पुस्तकांतून तिनं असल्या गोष्टी खूप वाचल्या होत्या. सरकार एक काम हाती घेतं तेव्हा त्या कामाला चिकटलेली दहा कामं नकळत गळून पडतात, वगैरे. वाचताना ते पटायचं. आता पलंगाशेजारच्या दोन खुर्च्यांकडे बघताना त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

दुसरा रविवारही तसाच गेला. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "लॅडी आला नाही?"

लॅडी व्होंड्रा हा त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. दुसऱ्या दिवशी मार्सेला त्याच्याकडे गेली. तो धान्याच्या कोठाराशी ट्रकच्या टपावर चढून काहीतरी बघत होता. तिला पाहून खाली उतरला, टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला.

"लॅडीकाका, बाबा तुमची वाट बघतायत."

"ठाऊक आहे मला." त्याचा चेहरा ओढलेला होता. "पण कुणाबरोबर येऊ?"

"एकटे या की."

"एकटा?" त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला उघड्या अंगानं चर्चमध्ये यायला सांगितलं होतं. "एकटा आलो तर तुझा बाप मला हाकलून देईल. आयुष्यभर त्यानं लोकांना काय सांगितलं? एकटा जाणारा काहीतरी मागायला जातो. मीच एकदा रडत रडत एकाच्या घरी एकटा गेलो होतो, तर एडनं मला भर हॉलमध्ये झापलं."

"मग दुसरा कुणाला तरी घ्या."

"कुणाला, ते मी कसं ठरवणार? ते चिटणीस ठरवतो." आणि मग अगदी हळू म्हणाला, "चिटणीस तर पलंगावर आहे."

घरी परतताना तिनं गाडी हार्लन येलिनेकच्या फाटकात वळवली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. बाबांनीच कुणासाठी दुसरा निवडला असता तर त्यांनी कुणाला निवडलं असतं, एवढाच विचार तिनं केला होता. थोडं डोकं फिरलेला.

डोरीन पडवीत झुल्यावर बसली होती. हात पातळ झालेले, पण चेहऱ्यावर रंग होता. तिनं मार्सेलाला लिंबाचं सरबत दिलं आणि सांगितलं की जानेवारीपासून तिला नवी औषधं मिळतायत, लिंकनला नाव लागलंय, कदाचित मूत्रपिंडही मिळेल. सांगता सांगता ती मध्येच थांबली. समोरच्या मुलीच्या बापाचं काय चाललंय ते तिला आठवलं असावं.

हार्लन गोठ्यातून आला, हात पुसत. मार्सेलानं सरळ विचारलं, बाबांकडे दुसरे भेटकरी म्हणून याल का? 

"डोरीनचा अर्ज नाकारल्यावर पुढं ती आजारी पडली तेव्हा तुझ्या बापानं दोन भेटकरी पाठवले होते," तो म्हणाला. "नियमात बसत नव्हतं. आम्ही निधीत नव्हतो. तरी पाठवले. ते बसले, विचारलं, काय कमी आहे. मी त्यांना घराबाहेर काढलं."

"मग आता या तुम्ही."

"मला पाठवतं कोण?"

"मी सांगतेय ना."

"तू घरची आहेस, पोरी. घरचे बोलावतात ती मेहेरबानी. ती भेट नाही." त्यानं मान खाली घातली. "एडनं नुसता निरोप धाडला, तर कपाटातून कोट काढतो."

मार्सेला घरी आली तेव्हा बाबा जागे होते. नर्स नुकतीच गेली होती. तिनं सगळं सांगितलं. लॅडीकाकांचं सांगितलं तेव्हा ते कौतुकानं हसले. हार्लनचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"नुसता एक निरोप," ती म्हणाली. "मी फोन लावते, तुम्ही फक्त हो म्हणा."

"नाही."

"बाबा."

"आजाऱ्यानं स्वतःचा दुसरा निवडला तर तो दुसरा कसला? मग सगळं नाटकच." त्यांना धाप लागली. ती पाणी द्यायला पुढे झाली, त्यांनी हातानं नको म्हटलं. "आणि त्याच्यावर माझा काय हक्क आहे? त्यानं यायचं तर आपल्या मनानं यायचं. कुणी कुणाला ओढून आणायचं नाही, हेच तर मी जन्मभर बोललो."

"तुमच्या हट्टापायी कुणी येणार नाही."

"हट्ट नाही." ते छताकडे बघत म्हणाले. "डोरीनच्या वेळी नियम बदलायला हवा होता. आम्ही बदलला असता. उशीर लावला. माणसं आपापसात ठरवतात तेव्हा उशीर लागतो, भांडणं होतात, काळ्या गोट्या पडतात. पण शेवटी ठरतं. आमचं ठरायच्या आधी त्यांनी ठरवलं." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तिला औषधं मिळतायत ना? बरं झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही."

"मग तक्रार कशाबद्दल आहे?"

 त्यांची नजर खुर्च्यांवर गेली होती.

तिसऱ्या रविवारी ऊन कडक होतं. चर्चची घंटा होऊन गेली. बाबांचा पलंग खिडकीजवळ होता, पडदा बाजूला केलेला. थोड्या वेळानं रस्त्यावर लॅडीचा निळा ट्रक दिसला. तो सावकाश येऊन फाटकासमोर थांबला. आत लॅडी एकटा बसलेला, काळा कोट घातलेला. इंजिन चालू होतं.

मार्सेला दाराकडे निघाली. बाबांनी तिचं मनगट धरलं. त्या हातात आता ताकद उरली नव्हती, तरी तिला तो सोडवून घेता आला नाही.

"थांब," ते म्हणाले. "तो दुसऱ्याची वाट बघतोय."

दोघं खिडकीतून बघत राहिले. लॅडी आरशात मागचा रस्ता बघत होता. त्यानं एकदा टोपी काढली, पुन्हा घातली. रस्त्यावर धूळ उडाली की त्याची मान वळे, पण ती कुणाच्या तरी ट्रॅक्टरची धूळ असे. किती वेळ तो तसा थांबला ते मार्सेलाला नंतर कधी सांगता आलं नाही. तिला वाटलं, आता उतरेल. त्यानं दाराच्या मुठीवर हातसुद्धा ठेवलेला तिला दिसला. मग ट्रक हलला, थोडा मागं गेला, वळला आणि ज्या वाटेनं आला होता त्याच वाटेनं निघून गेला.

बाबांनी तिचं मनगट सोडलं.

"बरोबर केलं त्यानं," ते म्हणाले. "एकटं येऊ नये."

पण त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. मंगळवारी नर्स आली तेव्हा त्यांनी तिचे आभार मानले. बुधवारी सकाळी ते गेले.

हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. बदक, उकडीचे गोळे, कोबी. एवढी माणसं आली होती की बाहेरच्या आवारातही टेबलं लावावी लागली. दफनाला कुणी पाठवायचं नसतं, तिथं सगळे जातात. प्रत्येकजण मार्सेलाचा हात धरून बाबांबद्दल काहीतरी चांगलं सांगत होता आणि ते सगळं खरं होतं.

हार्लन काळ्या कोटात भिंतीला टेकून उभा होता. गर्दी जरा ओसरल्यावर तो तिच्याजवळ आला. लॅडी तिथंच होता.

"मी रविवारी कोट घालून माझ्या फाटकाशी उभा होतो," हार्लन म्हणाला. तो तिच्याशी बोलत होता पण बघत लॅडीकडे होता. "तुझा ट्रक गेला माझ्यासमोरून. मला वाटलं, मला घ्यायला आत वळशील."

लॅडीचा चेहरा पांढरा पडला.

"मी तुला पाहिलं की," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला यायचं असेल तर हात करशील. मग वाटलं, मागून तुझ्या गाडीनं येशील. मी एडच्या फाटकापाशी थांबलो होतो, हार्लन. किती वेळ थांबलो होतो."

 हार्लन वयानं मोठा होता. त्यानं घसा खाकरला आणि जुन्या सवयीनं, बहुधा तोंडातून निघेपर्यंत त्याला स्वतःलाही कळलं नसावं, मार्सेलाला विचारलं, "घरात काय कमी आहे?"

खरं सांगायचं असतं. मार्सेलानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. दोन म्हातारे, उन्हाळ्यात काळे कोट घातलेले, उत्तराची वाट बघत उभे.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं आहे."

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीची माणसं येऊन पलंग घेऊन गेली. त्यांनी काम चोख केलं, भिंतीला ओरखडाही पडू दिला नाही. खोलीत दोन खुर्च्या राहिल्या, मध्ये रिकामी जागा ठेवून. मार्सेलानं एक उचलून स्वयंपाकघरात नेली, टेबलाशी लावली. मग दुसरीसाठी परत आली आणि ती न उचलता तिच्यावर बसली.